कमी बजेटमध्ये ग्राफिक्स कार्ड निवडताना: कार्डाचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा

नागपुरातल्या बर्डीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेमिंगसाठी येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "पंचवीस हजारांत कोणतं कार्ड येईल?" दुकानदार एखादं नाव सांगतो, घासाघीस होते, कार्ड घरी येतं. मग गेम सुरू झाला की पीसी बंद पडतो, नाहीतर कार्ड कॅबिनेटमध्ये बसत नाही, नाहीतर जुन्या प्रोसेसरमुळे ते अर्ध्या ताकदीनेच चालतं. यातल्या बऱ्याच वेळा कार्ड चांगलंच असतं, निवडीचा क्रम उलटा झालेला असतो.

म्हणून या लेखात आधी घरातली मशीन, मग मॉनिटर, मग वीज, मग पैसे आणि त्यानंतर कार्ड असा क्रम आहे. कार्डांच्या किमती आठवड्याला बदलतात, त्यामुळे त्या दिलेल्या नाहीत. किंमत कशी तोलायची ते मात्र दिलं आहे.

टप्पा १: घरातल्या मशीनची नोंद करा

दुकानात जाण्याच्या आदल्या दिवशी एका कागदावर या गोष्टी लिहा:

- प्रोसेसरचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट. 'आय५-१२४००' आणि 'आय५-१२४००एफ' यांत फरक आहे. 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे कार्ड वॉरंटीत गेलं तर तेवढे दिवस पीसी बंद.
- मदरबोर्डचं (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाचं) मॉडेल. सीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दिसतं.
- रॅम किती, आणि एक पट्टी आहे की दोन.
- एसएमपीएसचं (पीसीला वीज देणाऱ्या डब्याचं) नाव, वॅट आणि त्याच्या बाजूच्या स्टिकरचा फोटो.
- एसएमपीएसमधून कार्डासाठी निघणाऱ्या ६ पिन किंवा ८ पिनच्या वायरी किती.
- कॅबिनेटच्या मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंतची जागा, मिलिमीटरमध्ये. टेप लावून मोजा.

दोन पंख्यांची कार्डं बहुधा २०० ते २५० मिमी लांब असतात, तीन पंख्यांची ३०० च्या आसपास किंवा त्याहून जास्त. कार्डाच्या बाजूला वीजवायर वळायलाही जागा लागते, ती मोजायला विसरू नका.

सावधान: ऑफिसमधून निघालेले जुने ब्रँडेड डेस्कटॉप विद्यार्थी स्वस्तात घेतात. त्यांचे एसएमपीएस अनेकदा १८० ते २६० वॅटचे असतात, वायरींची जोडणी त्या कंपनीची खास असते आणि बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. अशा मशीनला ७५ वॅटच्या आत चालणारं, वेगळी वीजवायर न लागणारं कार्डच घ्या. सडपातळ डबा असेल तर 'लो प्रोफाइल' (कमी उंचीच्या) पट्टीचं लागेल. एनव्हिडियाचं ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० या कामासाठी योग्य आहे. ते ७० वॅटवर चालतं आणि त्याची बहुतेक मॉडेलं स्लॉटमधूनच वीज घेतात. तरी घेताना ते मॉडेल बघून खात्री करा.

टप्पा २: मॉनिटर आणि गेम ठरवा

मॉनिटर १०८०पी (फुल एचडी) आणि ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला ६० चित्रंच, म्हणजे ६० फ्रेमच, दाखवणार. त्यावर १४० फ्रेम देणाऱ्या कार्डाचे पैसे मोजण्याआधी मॉनिटर बदलायचा आहे का ते ठरवा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल किंवा येत्या वर्षभरात घेणार असाल तर कार्डाची पातळी एक पायरी वर धरा. १४४०पी (१०८०पीपेक्षा बारीक चित्र) हवं असेल तर बजेट दुसऱ्या गटात जातं, तेव्हा ८ जीबीचं कार्ड यादीतूनच काढा.

आता गेम. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या स्पर्धेच्या गेममध्ये प्रोसेसर आणि रॅम आधी थकतात. तुम्ही मुख्यतः हेच खेळत असाल आणि रॅमची एकच पट्टी असेल, तर दुसरी जुळणारी पट्टी घालणं हा सगळ्यात स्वस्त सुधार आहे. कार्डाचा विचार त्यानंतर.

मोठे नवे गेम मात्र कार्डावर भार टाकतात, आणि आता त्यांत एक अट आली आहे. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि 'डूम: द डार्क एजेस' यांना रे ट्रेसिंगचं (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं) हार्डवेअर लागतंच. एनव्हिडियाचं जीटीएक्स १६६० सुपर किंवा एएमडीचं आरएक्स ५८० या जुन्या कार्डांत ते नाही. जुने गेम ती कार्डं आजही छान चालवतात, पण आज पैसे घालून जीटीएक्स मालिकेतलं कार्ड घेण्याच्या मी विरोधात आहे. शिवाय जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांना गेमसाठीचे नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) देणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलं आहे. पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट.

तपासणी: तुम्ही सध्या खेळता ते तीन गेम आणि पुढे खेळायचे आहेत ते दोन गेम, एवढी नावं कागदावर आली का? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: एसएमपीएसचा हिशोब

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या किंवा स्वस्तात मिळणाऱ्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात '४५०' लिहिलेलं असतं. तो आकडा बाजूला ठेवा आणि स्टिकरवर '+१२व्ही' या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. अँपिअरला १२ ने गुणा. १६ अँपिअर असतील तर १९२ वॅट, बाहेर ४५० लिहिलं असलं तरी.

आता आरएक्स ६६०० धरा. कार्ड १३२ वॅट, मधल्या गटातला प्रोसेसर गेममध्ये ८० च्या आसपास, मदरबोर्ड, पंखे, ड्राइव्ह मिळून ४० धरा. बेरीज २५० च्या पुढे. १९२ वॅटचा एसएमपीएस हे झेपवणार नाही. तो बंद पडला तर नशीब, कारण जळताना तो सोबत कार्डही नेऊ शकतो.

बजेटमधल्या कार्डांची वीज साधारण अशी: आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट, आरटीएक्स ५०५० आणि ८ जीबीच्या आरटीएक्स ३०५० ला १३०, आरटीएक्स ५०६० ला १४५, आरएक्स ९०६० एक्सटीला १५० ते १६०, आरएक्स ७६०० ला १६५, आरटीएक्स ३०६० ला १७०, इंटेल आर्क बी५८० ला १९०. कारखान्यातून वेग वाढवून आलेली मॉडेलं थोडी जास्त खातात, आणि क्षणभराचे झटके याहून बरेच वर जातात.

चांगल्या कंपनीचा, निदान ५ वर्षं वॉरंटीचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) दर्जाचा ५५० वॅटचा एसएमपीएस या यादीतल्या बहुतेक कार्डांना पुरतो. बी५८० साठी ६०० ते ६५० घ्या. कार्ड दोन वर्षांनी बदलाल, एसएमपीएस मात्र पुढच्या कार्डालाही चालेल. म्हणून त्याचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात कार्ड बघा.

सावधान: साटा (ड्राइव्हला वीज देणाऱ्या) वायरीतून ८ पिन काढणारा अॅडाप्टर कधीही लावू नका. साटा जोडणीची १२ व्होल्टवरची मर्यादा ५४ वॅट आहे, आणि ८ पिनमधून कार्ड १५० वॅटपर्यंत ओढू शकतं. वायर वितळते, आग लागू शकते. एसएमपीएसला ८ पिनची वायरच नसेल तर तो त्या कार्डासाठी बनलेलाच नाही.

यूपीएसचंही बघून घ्या. घराघरांत असलेला ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच्या आसपास देतो. त्यावर गेमिंग पीसी, मॉनिटर आणि राउटर सगळं टाकलं की वीज गेल्या क्षणी तोही बसतो. मे-जूनच्या वादळात नागपुरात वीज किती वेळा येते-जाते हे सांगायला नको. १००० व्हीएचा यूपीएस घ्या, नाहीतर निदान वादळ सुरू असताना प्लग काढून ठेवा.

टप्पा ४: बजेटची विभागणी

पूर्ण पीसी नव्याने बांधत असाल तर कार्डाला एकूण रकमेच्या ३५ ते ४० टक्के द्या. त्याहून जास्त गेलं की रॅम, एसएसडी, एसएमपीएस यांत काटछाट होते आणि महागडं कार्ड अडखळत चालतं. फक्त कार्ड बदलत असाल तर 'कार्ड, लागल्यास एसएमपीएस, लागल्यास एक पंखा' अशी बेरीज करून त्या बेरजेला बजेट म्हणा.

टप्पा ५: कार्डाची नावं नीट वाचा

एकाच नावाखाली वेगवेगळी कार्डं विकली जातात. दुकानाच्या कोटेशनवर फक्त 'आरटीएक्स ३०५०' लिहिलेलं चालणार नाही. ८ जीबीच्या ३०५० मध्ये २५६० कोअर (चित्राचं गणित करणारे छोटे भाग) आहेत, ६ जीबीच्यात २३०४ आणि मेमरीचा मार्गही अरुंद. फरक फक्त २ जीबीचा नाही, ६ जीबीचं कार्ड मुळातच हळू आहे. तसंच आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीत येतं आणि ८ जीबीतही. ८ वाल्याची मेमरी १९२ ऐवजी १२८ बिटवर चालते. आरएक्स ९०६० एक्सटी ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आहे. कोटेशनवर पूर्ण नाव, जीबी आणि कंपनीचा मॉडेल नंबर लिहून मागा.

व्हीरॅम, म्हणजे कार्डावरची मेमरी, किती घ्यावी? आज १०८०पीसाठी ८ जीबी ही मी खालची मर्यादा धरतो. नवे मोठे गेम 'अल्ट्रा' टेक्स्चरवर (पृष्ठभागांच्या चित्रांच्या सर्वात वरच्या दर्जावर) ८ जीबी भरून टाकतात. भरल्यावर सरासरी फ्रेम ठीक दिसतात, पण मध्येच झटके बसतात, भिंती-जमिनीची चित्रं धूसर येतात. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं की बहुतेक वेळा भागतं. कार्ड चार-पाच वर्षं वापरायचं असेल आणि १२ किंवा १६ जीबीचं बजेटमध्ये बसत असेल, तर मी थोडा वेग सोडून मेमरी घेईन.

उलट फसवणूकही बघा. जीटी ७३० सारख्या कार्डावर '४ जीबी' छापलेलं असतं आणि किंमत मोहात पाडते. ते मॉनिटर जोडण्यापुरतं कार्ड आहे, मोठा गेम त्यावर चालणार नाही. नुसते जीबी बघून घेऊ नका.

आता मदरबोर्डाशी जुळणी. आरएक्स ६५०० एक्सटी पीसीआयई (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातला डेटाचा मार्ग) ४.० च्या फक्त ४ लेनवर चालतं आणि त्यात मेमरी ४ जीबी. जुन्या ३.० च्या बोर्डावर, म्हणजे बी४५० किंवा एच४१० वर, त्याचा वेग चांगलाच पडतो. ते घेऊच नका. आरटीएक्स ४०६०, आरएक्स ६६०० आणि आरएक्स ७६०० यांना ८ लेन आहेत, ३.० वर त्यांचं नुकसान बहुधा थोडंच होतं.

इंटेल आर्क बी५८० मध्ये १२ जीबी आहे आणि किमतीच्या मानाने ते दमदार आहे, पण अट कडक आहे. 'रिसायझेबल बार' ही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) सोय मदरबोर्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, सुरू हवीच. इंटेलच्या दहाव्या पिढीच्या आधीची किंवा रायझन ३००० च्या आधीची मशीन असेल तर हे कार्ड सोडा. सोय असली तरी जुन्या, हळू प्रोसेसरबरोबर ते मागे पडतं.

गेमशिवाय ब्लेंडर, व्हिडिओ एडिटिंग किंवा कॉलेजच्या मशीन लर्निंगच्या प्रोजेक्टसाठी कार्ड लागणार असेल, तर एनव्हिडियाकडे झुका. कूडावर (एनव्हिडियाच्या स्वतःच्या प्रणालीवर) चालणारी सॉफ्टवेअर तिथे विनाखटपट चालतात. फक्त गेम असतील तर एएमडीचं कार्ड त्याच पैशात बहुधा जास्त फ्रेम देतं.

तपासणी: कागदावर आता दोन किंवा तीनच कार्डं उरायला हवीत. पाच-सहा उरली असतील तर टप्पा २ पुन्हा वाचा.

टप्पा ६: फ्रेममागे किती रुपये

तुमच्या गेमची, तुमच्या रिझोल्यूशनची चाचणी शोधा. सरासरी फ्रेमसोबत '१ टक्का लो' (सर्वात हळू १ टक्का फ्रेमचा वेग) हा आकडाही बघा, गेम अडखळतो का ते त्यावरून कळतं. मग किंमत भागिले सरासरी फ्रेम. समजा एक कार्ड २५,००० ला ८० फ्रेम देतं, म्हणजे फ्रेममागे सुमारे ३१३ रुपये. दुसरं ३१,००० ला ९२ देतं, म्हणजे ३३७. दुसऱ्यात मेमरी जास्त नसेल तर वरचे सहा हजार एसएमपीएस किंवा एसएसडीला द्या.

फ्रेम जनरेशन (कार्डाने मध्ये स्वतः बनवून घातलेल्या फ्रेम) लावून आलेले आकडे या हिशोबात धरू नका. मूळ फ्रेम ५०-६० च्या वर असतील तेव्हा ती सोय चांगली वाटते, ३० वर असताना हाताला जड लागते. चाचणीवाल्यांचा प्रोसेसरही बहुधा बाजारातला सर्वात वेगवान असतो, तुमचे आकडे थोडे खाली येतील.

टप्पा ७: नागपूरचा उन्हाळा हिशोबात धरा

चाचण्या होतात त्या खोल्यांचं तापमान २१ ते २५ अंश असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ आणि एसी नसलेल्या खोलीत दुपारी ३७-३८ सहज. पंख्यांचा वेग तोच राहिला तर खोली जितके अंश तापते, जवळपास तितकेच अंश कार्डही तापतं. चाचणीत ७० दाखवणारं कार्ड इथे ८३ च्या घरात जाईल आणि स्वतःचा वेग कमी करू लागेल. म्हणून एकाच चिपची दोन मॉडेलं असतील तर एक पंख्याचं स्वस्त मॉडेल सोडा, जाड हीटसिंकचं (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाचं) दोन पंख्यांचं घ्या. तीन पंखे या गटात गरजेचे नाहीत.

कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची हवी. काचबंद किंवा प्लास्टिकने बंद पुढचा भाग या शहरासाठी वाईट आहे. निदान एक पंखा पुढून हवा आत घेणारा आणि एक मागून बाहेर टाकणारा.

कूलरचं मात्र जपून. ताट्यांमधून येणारी गार हवा खोलीला बरी असते, पण कॅबिनेट थेट त्या झोतात ठेवू नका. दमट हवेत धूळ हीटसिंकला चिकटून थर होतो आणि नुसत्या फुंकरीने निघत नाही. कॅबिनेट झोताच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर लांब, आणि खोलीची एक खिडकी थोडी उघडी. कूलर लागण्याआधी एप्रिलमध्ये एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा ब्लोअरने सफाई करा. ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा, तो वेड्यासारखा फिरू देऊ नका.

टप्पा ८: नवं कार्ड घेताना

ग्राफिक्स कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे. 'बिलाशिवाय घेतलं तर कमी करतो' असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. वाचलेले पैसे पहिल्याच बिघाडात जातात. बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर दोन्ही लिहून घ्या आणि खोक्यावरचा, कार्डावरचा आणि बिलावरचा नंबर तिथेच जुळवा. वॉरंटी किती वर्षांची, ती खरेदीच्या तारखेपासून की सिरीयल नंबरवरून, कार्ड नागपुरात जमा होतं की दुसऱ्या शहरात पाठवावं लागतं, आणि पाठवण्याचा खर्च कुणाचा, हे पैसे देण्याआधी विचारा. ऑनलाइन पाचशे-हजार स्वस्त दिसलं तरी हे प्रश्न तिथेही लागू आहेत. ऑनलाइन घेतलंच तर सील फोडण्यापासून सलग व्हिडिओ काढा.

टप्पा ९: सेकंडहँड घेताना

बजेट तंग असेल तर जुनं कार्ड घ्यायला हरकत नाही. १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० किंवा आरएक्स ६६०० चांगल्या अवस्थेत मिळालं तर तो उत्तम सौदा. पण क्रम पाळा.

१. आधी बिल आणि उरलेली वॉरंटी विचारा. बिलावरचा सिरीयल नंबर कार्डाशी जुळला पाहिजे.

२. विकणाऱ्याच्या मशीनवर चालू अवस्थेत बघा. 'घरी नेऊन बघा' हे चालणार नाही.

३. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून चिपचं नाव, कोअरची संख्या, मेमरी आणि लेन तपासा. आरएक्स ५८० च्या नावाने २०४८ कोअरचं कार्ड फिरतं, मूळ कार्डात २३०४ असतात.

४. विकणाऱ्याला विचारून फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) दहा मिनिटं आणि तुमचा एक गेम वीस मिनिटं चालवा. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन, रेषा किंवा लुकलुक दिसली तर मेमरी किंवा चिप गेलेली समजा. किंमत कितीही उतरली तरी सोडा.

५. चिपचं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सर्वात गरम जागा) यांतलं अंतर बघा. २५-३० अंशांच्या वर असेल तर चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट बदलावी लागेल, तेवढे पैसे कमी करून मागा.

६. पंखे खडखडतात का, स्क्रूची डोकी झिजलीत का, स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्ट्यांवर जळल्याचा डाग आहे का, सगळे डिस्प्ले पोर्ट चालतात का, एकेक करून बघा.

माइनिंगमध्ये वापरलेलं म्हणून कार्ड लगेच टाकून देऊ नका. त्यात पंखे आणि मेमरीचे पॅड आधी थकतात, चिप बहुधा ठीक असते. मात्र वॉरंटी संपलेली असेल तर किंमत नव्याच्या निम्म्याच्या आसपास असावी, त्यापेक्षा जास्त मी देणार नाही.

टप्पा १०: बसवणं आणि पहिले दोन दिवस

कंपनी बदलत असाल, म्हणजे एनव्हिडियावरून एएमडीवर किंवा उलट, तर विंडोजच्या सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर) चालवून जुना ड्रायव्हर पुसा. पीसी बंद करा, प्लग काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून स्थिर वीज उतरवा. कार्ड सगळ्यात वरच्या लांब स्लॉटमध्ये खटका वाजेपर्यंत दाबा, स्क्रू लावा, वीजवायर पूर्ण आत ढकला.

मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला लावा. मदरबोर्डाच्या पोर्टलाच राहिली तर कार्डाचा फायदा मिळणार नाही. 'नवं कार्ड चालत नाही' या तक्रारींत ही चूक नेहमीची आहे. मग बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सोय) आणि रिसायझेबल बार सुरू करा, कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर टाका, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर खरोखर १४४ वर आहे का ते बघा. विंडोज अनेकदा ६० वरच ठेवतं.

तपासणी: सर्वात जड गेम दुपारी, खोली तापलेली असताना, अर्धा तास चालवा. तापमान सतत ८३ च्या वर राहिलं तर एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाची वीज घेण्याची मर्यादा) ८५ टक्क्यांवर आणा आणि फ्रेम मॉनिटरच्या हर्ट्झएवढ्याच ठेवा. वेग फार थोडा कमी होतो, तापमान मात्र बरंच उतरतं. गेम सुरू होताच पीसी पूर्ण बंद पडत असेल तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्या. पडदा काळा होऊन परत येत असेल तर ड्रायव्हर पुसून पुन्हा टाका.

ही चाचणी खरेदीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच करा. दुकानाची बदलून देण्याची मुदत छोटी असते, त्यानंतर सर्व्हिस सेंटरची वाट. खोकं, आतला फोम आणि बिल वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा. बिलाची शाई उन्हाळ्यात उडते, तेव्हा त्याच दिवशी फोटो काढून स्वतःला ईमेल करा.